जुने पीसीआय सिरियल कार्ड नव्या मदरबोर्डवर चालेल का?

प्रश्न – लांजा, जि. रत्नागिरी

आमचा महामार्गालगत वाहनांचा वजनकाटा आहे. काट्याच्या इंडिकेटरकडून (वजन दाखवणाऱ्या यंत्राकडून) वजन संगणकात येते ते एका जुन्या पीसीआय सिरियल कार्डातून (पीसीआय म्हणजे मदरबोर्डावर जादा कार्डे लावण्याची जुनी पद्धत; सिरियल म्हणजे एकामागून एक बिट पाठवणारी जोडणी), आणि पावती छापणारा प्रोग्रॅम विंडोज एक्सपीवर चालतो. पावसाळ्याच्या तोंडावर मदरबोर्ड गेला. दुकानदाराने सुचवलेल्या नव्या बोर्डावर सगळे स्लॉट पीसीआय एक्सप्रेसचेच आहेत, एक लांब आणि दोन आखूड. जुन्या संगणकात एक्स-१ चे (एका लेनचे, आखूड) नेटवर्क कार्ड आणि एक्स-१६ चे (सोळा लेनचे, लांब) ग्राफिक्स कार्डही असून ती दोन्ही पीसीआय एक्सप्रेसच्या पहिल्या पिढीतील आहेत. यांपैकी काय वापरता येईल आणि काय सोडून द्यावे लागेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – चिपळूण

नावात साम्य असले तरी पीसीआय आणि पीसीआय एक्सप्रेस या दोन वेगळ्या जाती आहेत. १९९२ साली आलेल्या पीसीआयमध्ये सगळी कार्डे बत्तीस बिटांचा एकच समांतर मार्ग वाटून घेतात आणि त्याची कमाल गती सेकंदाला १३३ मेगाबाइट असते; २००३ मधील पीसीआय एक्सप्रेसमध्ये मात्र प्रत्येक स्लॉटला स्वतःच्या स्वतंत्र लेन, म्हणजे माहितीच्या वाटा, मिळतात. त्यामुळे आपले सिरियल कार्ड नव्या स्लॉटमध्ये बसणारच नाही, आणि ते जबरदस्तीने बसवण्याचा प्रयत्न कोणालाही करू देऊ नये.

पीसीआय एक्सप्रेसच्या पिढ्या मात्र एकमेकींशी जुळवून घेतात. पहिल्या पिढीचे कार्ड चौथ्या पिढीच्या स्लॉटमध्ये लावले, तर दोघे सुरुवातीलाच आपसांत ठरवून जुन्या गतीने, म्हणजे एका लेनवर सेकंदाला २५० मेगाबाइट या वेगाने काम करतात. एक्स-१ चे कार्ड लांब स्लॉटमध्येही चालते. तेव्हा नेटवर्क कार्ड निश्चिंतपणे लावा. ग्राफिक्स कार्ड बसेल, पण त्यात यूईएफआयला (बोर्ड सुरू करणाऱ्या नव्या पद्धतीच्या प्रोग्रॅमला) समजणारा प्रारंभिक प्रोग्रॅम नसण्याची शक्यता मोठी आहे, आणि नव्या बोर्डात सीएसएम ही जुन्या पद्धतीची सोय बंद असेल किंवा मुळातच नसेल, तर पडदा काळाच राहतो. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असेल तर त्या कार्डाचा नाद सोडावा. पावत्या छापायला त्याची गरज नाही.

उत्तर – मालवण

वरील उत्तराशी सहमत आहे, परंतु माझ्या मते खरी अडचण स्लॉटची नाही, प्रोग्रॅमची आहे. नव्या बोर्डावर एक्सपी चालवण्याचा अट्टहास व्यर्थ आहे, कारण त्याच्या चिपसेटसाठी (बोर्डावरील नियंत्रक चिपांसाठी) एक्सपीचे ड्रायव्हर कोणी तयार करत नाही. विंडोज ११ केवळ ६४ बिटांत मिळते आणि ६४ बिटांच्या विंडोजवर सोळा बिटांचे प्रोग्रॅम चालत नाहीत. आपला प्रोग्रॅम डॉसच्या काळातील फॉक्सप्रो या डेटाबेस-प्रणालीत लिहिलेला असेल, तर कार्ड बदलूनही पावती निघणार नाही. त्यामुळे बोर्ड विकत घेण्यापूर्वी प्रोग्रॅम पुरवणाऱ्याकडे आधी चौकशी करावी.

सिरियल पोर्टसाठी पीसीआय कार्डाला पुलाची चिप (पीसीआय आणि पीसीआय एक्सप्रेस यांना जोडणारी) असलेला अडॅप्टर जोडण्यापेक्षा पीसीआय एक्सप्रेसचे नवे सिरियल कार्ड घेणे अधिक सरळ आहे. त्याहून आधी बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत ‘कॉम’ असे नाव दिलेले पिनांचे हेडर आहे का ते पाहा. आजही अनेक बोर्डांवर ते असते. त्याला लागणारी पट्टीची केबल मात्र पिनांच्या दोन वेगवेगळ्या जोडण्यांत मिळते आणि दिसायला दोन्ही सारख्याच असतात, म्हणून पुस्तिकेतील आकृतीशी मीटर लावून पडताळून घ्यावे.

प्रश्नकर्ता – लांजा

दोघांचेही मनापासून आभार. प्रोग्रॅम बत्तीस बिटांचा असून पुरवठादाराच्या म्हणण्याप्रमाणे तो विंडोज १० वर चालतो. बोर्डावर कॉमचे हेडरही आहे. इंडिकेटर जोडण्यापूर्वी पोर्ट तपासण्याचा काही मार्ग आहे का?

उत्तर – मालवण

नऊ पिनांच्या पोर्टवर दोन आणि तीन क्रमांकांच्या पिना तारेच्या तुकड्याने जोडा आणि टर्मिनल प्रोग्रॅममध्ये (पोर्टवर अक्षरे पाठवून परत आलेली दाखवणाऱ्या) काही अक्षरे टाइप करा. टाइप केलेले जसेच्या तसे परत दिसले, तर पोर्ट आणि केबल दोन्ही ठीक आहेत. त्यानंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन जुन्या संगणकावर होता तोच कॉम क्रमांक द्यावा, आणि बॉड रेट (माहिती पाठवण्याचा वेग) व पॅरिटी (चूक ओळखणारा जादा बिट) इंडिकेटरच्या सेटिंगप्रमाणे ठेवावी.

उत्तर – चिपळूण

आपला बोर्ड पावसाच्या तोंडावर गेला, याकडेही दुर्लक्ष करू नये. काट्यापासून केबिनपर्यंत उघड्यावरून आलेली केबल वळवाच्या विजांत धोक्याची असते, म्हणून इंडिकेटर आणि पोर्ट यांच्यामध्ये ऑप्टिकल आयसोलेटर बसवावा, म्हणजे दोन्ही बाजूंत थेट विद्युत जोडणी राहत नाही. नेटवर्क कार्ड लावताना त्याची सोनेरी बोटे (स्लॉटमध्ये शिरणाऱ्या पट्ट्या) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकू द्यावीत. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत त्यांवर चिकट थर बसतो. खोडरबर घासल्यास सोन्याचा पातळ मुलामा झिजतो, तेव्हा तो टाळावा.