मदत हवी आहे: हार्ट अटॅकनंतर चढण चढल्यावर वाढलेली नाडी लवकर उतरत नाही

नमस्कार मंडळी. आम्ही देवगडजवळचे, हापूसची बाग आहे. जानेवारीत मोहोरावर फवारणी चालू असताना अण्णांना (वय ६३) अटॅक आला. दरदरून घाम, उलटी, आणि नाडी थेट ४२. कणकवलीत गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन दिलं, नाडीसाठी अॅट्रोपिन दिलं, मग घाट चढून कोल्हापूरला अँजिओप्लास्टी झाली. आता घरी आहेत. रोज मेटोप्रोलॉल (ठोके मंद ठेवणारी गोळी) चालू आहे.

माझी शंका नाडीबद्दल आहे. घरापासून रस्त्यापर्यंत जांभ्याची पाखाडी आहे, ३४ पायऱ्या. सकाळी बसल्या जागी नाडी ६०. वर पोचले की ९८. एक मिनिट बसवलं तरी ९२, तीन मिनिटांनी ८६. "वायच बसतंय, मगे चलूया," असं म्हणतात आणि लगेच उठायला बघतात. कॅलेंडरच्या मागे मी सगळे आकडे लिहून ठेवतेय.

जेवढं वाचलं त्यावरून असं कळलं: हृदयातला सायनस नोड (जिथून ठोका सुरू होतो तो भाग) एकटा सोडला तर मिनिटाला साधारण १०० ठोके देतो, व्हेगस नस त्याला लगाम घालून ६०-७० वर ठेवते. श्रम थांबल्यावर पहिल्या मिनिटात नाडी उतरते ती मुख्यतः हा लगाम पुन्हा ओढला गेल्यामुळे. १९९९ च्या एका अभ्यासात ट्रेडमिलनंतर पहिल्या मिनिटात १२ किंवा त्याहून कमी ठोके उतरणाऱ्यांना धोका जास्त दिसला होता. पाखाडी म्हणजे ट्रेडमिल नव्हे, हे मला कळतं, पण अण्णांचे ६च उतरतात आणि जीव धास्तावतो.

माझं अडतं ते इथे. अटॅक हृदयाच्या खालच्या भिंतीला होता, त्यात व्हेगस खवळते म्हणून नाडी पडली, असं डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं. मग तीच नस आता ढिली कशी? माझ्या मनगटावर बोट ठेवलं तर श्वास घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांबतात, नीट कळतं. अण्णांच्या हाताला ते अजिबात लागत नाही, एका तालात चालते नाडी. हे वयामुळे, गोळीमुळे की अटॅकमुळे?

फॉलोअपला विचारलं तर "गोळ्या घ्या, चाला" एवढंच उत्तर मिळालं. बाहेर रांग होती, मीही पुढे बोलले नाही.

तुमच्या घरी कुणाचं असं झालं असेल तर किती महिन्यांत फरक पडला ते सांगा. २४ तासांचं होल्टर (अंगावर यंत्र लावून ठोक्यांची सलग नोंद) करून घ्यायचा आग्रह धरावा का? हृदयरुग्णांसाठी देखरेखीखाली व्यायाम करून घेणारं केंद्र रत्नागिरी-सिंधुदुर्गात कुणाला माहीत आहे का, की कोल्हापूरलाच जावं लागेल? इथे कुणी डॉक्टर असतील तर पुढच्या भेटीत नेमकं काय विचारू तेवढं लिहून द्या. दोन आठवड्यांत आंबे काढणीला येतील, आणि अण्णांनी झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) कालच माळ्यावरून खाली काढून ठेवलाय.