५०० मेगावॅटच्या जनरेटरात हायड्रोजन भरणं आता बंद करावं का?

चंद्रपूरचा_उन्हाळा
देशात परत ६६० आणि ८०० मेगावॅटची कोळशाची युनिटं लागायला लागलीयेत आणि जनरेटर थंड ठेवायला पुन्हा तोच हायड्रोजन. माझं म्हणणं सरळ आहे, हा गॅस मशीनमधून काढा. १९३७ साली अमेरिकेत डेटनला पहिला हायड्रोजनवाला टर्बो जनरेटर लागला तेव्हा दुसरा इलाज नव्हता, आता गॅस टर्बाईनवाले साडेतीनशे एमव्हीएच्या (जनरेटरच्या क्षमतेचं माप, मेगावॅटच्या जवळचं) आसपासचे जनरेटर निव्वळ हवेवर चालवतात. हवेत ४ ते ७५ टक्के मिसळला की पेटणारा गॅस आपण टर्बाईन हॉलमध्ये, गरम तेलाच्या पायपांशेजारी दाबाखाली भरून ठेवतो आणि वर म्हणतो सेफ्टी फर्स्ट. नरोरा, उत्तर प्रदेशातलं अणुवीज केंद्र, आठवतंय का कुणाला? ३१ मार्च १९९३ ची पहाट, लो प्रेशर टर्बाईनच्या शेवटच्या स्टेजची दोन पाती तुटली, मशीन इतकं हादरलं की जनरेटरची, गॅस आत कोंडून ठेवणारी सीलं गेली, हायड्रोजन बाहेर आला, पेटला, मग तेल पेटलं, केबलींमधून आग पसरली आणि १७ तास स्टेशन अंधारात. डिझेलच्या फायर पंपानं स्टीम जनरेटरला पाणी दिलं म्हणून अणुभट्टी वाचली. आणि हे सगळं कशासाठी, तर अर्धा टक्का एफिशियन्सीसाठी.

रिटायर्ड_शिफ्टवाला
नरोऱ्यात आधी पाती तुटली हो, हायड्रोजन दुसऱ्या नंबरवर आला. तुमचा राग चुकीच्या माणसावर निघतोय.

आता मूळ मुद्दा. दोन पोलचा जनरेटर, ५० हर्ट्झ, म्हणजे ३००० आरपीएम, यात घासाघीस नाही. आपल्याकडच्या नेहमीच्या ५०० मेगावॅट सेटचा रोटर, म्हणजे आत फिरणारा भाग, साधारण सव्वा मीटरच्या आत, ११५ सेंटीमीटर व्यासाचा असतो, म्हणजे त्याचा पृष्ठभाग सेकंदाला १८० मीटर पळतो, ताशी साडेसहाशे किलोमीटर. व्यास आणखी वाढवला तर टोकाला वाइंडिंग धरून ठेवणाऱ्या रिटेनिंग रिंगा त्या जोराला पुरत नाहीत, लांबी वाढवली तर रोटर वाकतो आणि क्रिटिकल स्पीड, म्हणजे ज्या वेगांना रोटर थरथरतो ते, आडवे येतात. मग त्याच अंगातून जास्त पॉवर काढायची तर तांब्यातून जास्त करंट न्यायचा एवढाच रस्ता उरतो. ५८८ एमव्हीए, २१ केव्ही, करा भागाकार, रूट तीनसकट, फेजला सोळा हजार अँपियर. ती उष्णता हवेनं काढून दाखवा.

चंद्रपूरचा_उन्हाळा
काका, चीनमध्ये थ्री गॉर्जेस धरणाला उजव्या काठावरची काही ७०० मेगावॅटची युनिटं पूर्ण हवेवर आहेत. एका मशीनमधून ७०० मेगावॅट. मग हवा चालत नाही हे कुठून आलं?

रिटायर्ड_शिफ्टवाला
ती पाण्यावरची मशीनं आहेत रे बाबा, मिनिटाला सत्तर-पंच्याहत्तर फेरे, रोटर एखाद्या वाड्याएवढा, अंगाला हवा लागायला जागाच जागा. आपलं कोयनाही हवेवरच आहे, तिथे कुणी हायड्रोजन मागत नाही. ३००० ला फिरणाऱ्या दांड्याची तुलना त्याच्याशी करू नका.

गुणिले_भागिले
दोन्ही बाजूंनी जरा हिशोब करा. हायड्रोजन हवेपेक्षा १४ पट हलका हे सगळे सांगतात, पण ते सारख्या दाबाला. मोठ्या सेटमध्ये गॅस साडेतीन बार गेजला असतो, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब मिळवून ॲब्सोल्यूट साडेचार, तेव्हा त्याची घनता साध्या हवेच्या जवळपास एक तृतीयांश होते. तरी परवडतं, कारण उष्णता वाहून न्यायला तो हवेच्या सातपट आणि दाब वाढवला की कूलिंग आणखी वाढतं.

आता प्युरिटी बघा, यावर कुणी बोलत नाही. ९८ टक्के प्युरिटीला मिश्रणाचं सरासरी रेणूवजन (हायड्रोजन २, हवा २९ धरून) येतं २.५४, ९५ ला ३.३५. म्हणजे प्युरिटी फक्त तीन टक्के घसरली तर आतला गॅस ३२ टक्के जड, आणि विंडेज लॉस, म्हणजे गॅस घुसळण्यात वाया जाणारी पॉवर, जवळपास त्याच प्रमाणात वर. पॅनलवर ९५ दिसलं की लोक म्हणतात अजून पेटायच्या ७५ पासून लांब आहोत, सेफ आहे. सेफ आहेच, पण रोटर घट्ट गॅसात घुसळतोय आणि ते युनिट आपण विकू शकलो असतो. शाफ्टच्या सीलमधलं तेल असतं त्या सील ऑइलमधून हवा आत येते ती वेळेवर काढत नाहीत म्हणून हे होतं. हायड्रोजन हवा की नको यावर भांडण्याआधी आहे तो स्वच्छ ठेवा.

वाफेचा_हिशोब
तुम्ही सगळे चिल्लर मोजताय. ५०० वर अर्धा टक्का म्हणजे अडीच मेगावॅट, ७० टक्के पीएलएफ (क्षमतेच्या किती वीज खरंच काढली ते) धरला तर वर्षाला दीड कोटी युनिट. आकडा मोठा वाटतो, मान्य. पण वापरलेल्या वाफेचं पाणी करणाऱ्या कंडेन्सरचं व्हॅक्युम १० मिलिमीटर बिघडलं तर हीट रेट, म्हणजे एका युनिटला लागणारी उष्णता, साधारण २० किलोकॅलरीनं वाढतो, २३०० च्या हीट रेटवर ते पाऊण-एक टक्का झालं. आणि मे महिन्यात विदर्भात १० मिलिमीटर कधी जातात कळत पण नाही, कूलिंग टॉवरचे फिल तुटलेले, ट्यूबा मळलेल्या. कोळशातल्या उष्णतेचा जवळपास निम्मा भाग त्या कंडेन्सरमधून जातो. परळीचं वीज केंद्र २०१३ मध्ये पाण्याअभावी पूर्ण बंद ठेवावं लागलं होतं, तिथे जनरेटर ९८.७ टक्के एफिशियन्सीचा होता का ९८.३ चा, कुणाला फरक पडला?

गुणिले_भागिले
फरक आता पडायला लागलाय. दुपारी सोलर आलं की कोळशाची युनिटं ५५ टक्क्यांवर आणतात, पुढे ४० पर्यंत आणायचं चाललंय. तांब्यातला लॉस करंटच्या वर्गानं उतरतो, पण लोखंडातला लॉस आणि विंडेज जागचे हलत नाहीत, मशीन ३००० लाच फिरतंय ना. म्हणजे अर्ध्या लोडवर विंडेजचा वाटा युनिटमागे दुप्पट. हवावाला जनरेटर बसवलात तर तुमचा अर्धा टक्का तिथे अर्धा राहणार नाही. हायड्रोजनमध्ये निदान लोड कमी असताना दाब उतरवता येतो, हवेत ती सोय कुठे आहे.

बारवाइंडिंग_मिस्त्री
मी जनरेटर उघडायच्या कामात असतो म्हणून सांगतो, खरा त्रास गॅसचा नाही, पाण्याचा आहे. मोठ्या सेटला स्टेटरच्या, म्हणजे स्थिर भागाच्या, वाइंडिंगच्या बारमध्ये पोकळ तांब्याचे स्ट्रँड असतात, त्यातून डीएम, म्हणजे क्षार काढलेलं, पाणी फिरतं. पाण्यातला ऑक्सिजन मधेच अडकला, ना कमी ना जास्त, की आत कॉपर ऑक्साइड धरतं, स्ट्रँड चोक होतात, एकच बार बाकीच्यांपेक्षा तापायला लागतो. आणि रोज लोड वरखाली करा म्हणजे तांबं फुगतं, आकसतं, बारच्या टोकाला ब्रेझिंग असतं तिथून बारीक गळती. गंमत अशी की गॅसचा दाब पाण्यापेक्षा जास्त ठेवलेला असतो, त्यामुळे भोक पडलं तर पाणी वाइंडिंगवर येत नाही, गॅस पाण्यात जातो. स्टेटर वॉटर टँकच्या व्हेंटला हायड्रोजन दिसायला लागला की समजायचं बार गळतोय. हायड्रोजन काढून टाकलात तर ही सोयही गेली, मग पाणी सरळ इन्सुलेशनवर.

चंद्रपूरचा_उन्हाळा
पण चीननं हायड्रोजनशिवाय केलंच की. १९५८ साली १२ मेगावॅटचा जनरेटर, रोटरमध्ये पण पाणी आणि स्टेटरमध्ये पण पाणी. तीच पद्धत पुढे मोठ्या सेटपर्यंत नेली. इच्छा असली की होतं.

बारवाइंडिंग_मिस्त्री
३००० ला फिरणाऱ्या शाफ्टमध्ये पाणी घालायचं आणि काढायचं, ते पण पाइप फुटू न देता. दादा, तुम्ही एकदा ओव्हरहॉलला या, मग बोलू. माझ्याकडून रोटरमध्ये पाणी नको. रोटरला गॅसच बरा.

अवनी_के
मी शिकाऊ आहे, विचारायचं होतं, हायड्रोजन भरताना हवा काढायला सरळ हायड्रोजनच का सोडत नाहीत?

रिटायर्ड_शिफ्टवाला
तसं केलंस तर ४ पासून ७५ टक्क्यांपर्यंतचा सगळा पेटणारा पट्टा मशीनच्या आत पार करावा लागेल ताई. म्हणून मधे सीओटू. भरताना हवेला सीओटू ढकलतो, मग सीओटूला हायड्रोजन. काढताना उलट. सीओटू जड म्हणून तो खालून सोडायचा, हायड्रोजन वरून. सिलिंडर घाईनं उघडू नकोस, सीओटू सुटताना लाइन गोठते आणि गॅस येणं बंद होतं, मग सगळे तुझ्याकडे बघत बसतात.

चंद्रपूरचा_उन्हाळा
बरं, नवीन ८०० वाल्यात हायड्रोजन ठेवायचाच असेल तर एवढं तरी करा. बेअरिंगचं व्हायब्रेशन ठरावीक मर्यादेपुढे गेलं की ट्रिपबरोबर गॅस आपोआप छताबाहेर सुटला पाहिजे आणि सीओटू आपोआप आत. माणसानं धावत जाऊन व्हॉल्व फिरवायची वाट बघायची नाही. नरोऱ्यात गॅस बाहेर पडायला किती वेळ लागला असेल?

वाफेचा_हिशोब
आणि व्हायब्रेशनचा प्रोब खोटं बोलला तर? लोडवर चालत्या मशीनचं कूलिंग काढून घ्याल. प्रोब खोटं बोलतात, केबल भिजते, कनेक्टर सैल होतो, दर पावसाळ्यात होतं.

चंद्रपूरचा_उन्हाळा
तीनपैकी दोन प्रोब म्हणाले तरच. आणि ब्रेकर उघडल्याची खात्री झाल्यावरच. ट्रिपचं लॉजिक असंच असतं, गॅसला का नको?

रिटायर्ड_शिफ्टवाला
लॉजिक लावा, माझी हरकत नाही. पण सील फुटलं नसताना गॅस धरून ठेवतं ते सील ऑइल, आणि एसी गेली की ते बॅटरीवरच्या डीसी पंपावर येतं. तुमच्याकडे तो डीसी पंप दर आठवड्याला चालवून बघतात का?

चंद्रपूरचा_उन्हाळा
रजिस्टरला चालतो. दर सोमवारी, सही सकट.