मदत हवी आहे: ऑटिस्टिक मुलाजवळ बसणारी मदतनीस ताई मागे कशी सरकवावी?

नमस्कार. मी प्राथमिक शाळेत दुसरीची वर्गशिक्षिका आहे. नेहमीचीच शाळा, भरलेला वर्ग. त्यात सात वर्षांचा एक ऑटिस्टिक मुलगा आहे आणि त्याच्या शेजारी दिवसभर एक मदतनीस ताई बसते, म्हणजे शॅडो टीचर. माझा प्रश्न या ताईच्या जागेबद्दल आहे. ज्यांनी वर्गात किंवा घरी हे प्रत्यक्ष हाताळलंय त्यांचं मत हवंय.

आधी मुलाविषयी. वाचन छान, गणितात वर्गाच्या पुढे. बोलतो, पण बरंचसं ऐकलेल्या वाक्यांतून. तहान लागली की तोच मला विचारतो, "पाणी हवंय का तुला?" पाणी मिळताना हेच वाक्य कानावर पडलंय, म्हणून तेच वापरतो. घंटा व्हायच्या आधी "झालं, झालं, संपलं" पुटपुटत दोन्ही हात कानांवर नेतो. आवाजाचा त्रास म्हणजे लाडावलेपण नव्हे, हे मला शिक्षकखोलीत वारंवार सांगावं लागतं. संवेदनांना फार तीव्र किंवा फार मंद प्रतिसाद असणं हे २०१३ सालच्या डीएसएम-५ (अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांची निदानाची पुस्तिका) पासून ऑटिझमच्या निदानाच्या निकषांतच आहे.

काही गोष्टी छान बसल्यात. बाकावर चित्रांचं वेळापत्रक चिकटवलंय, तास संपला की तो स्वतः ते चित्र काढून डबीत टाकतो. जागा भिंतीकडेची, दारापासून लांब. आवाज कमी करणारे हेडफोन दप्तरात असतात. वेळापत्रकात बदल असेल तर सकाळी आल्याआल्या सांगते. एवढ्यावर सकाळचं रडणं जवळपास थांबलं.

आता अडचण. परवा फळ्यावर वजाबाकीची उदाहरणं होती. त्याने पहिलं बरोबर सोडवलं, पेन्सिल खाली ठेवली आणि ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली, "पुढचं." दुसरं सोडवलं, पेन्सिल खाली, पुन्हा नजर ताईकडे. शेवटपर्यंत असंच. वजाबाकी त्याला येते, पण पुढच्या उदाहरणाकडे वळायचं ते ताईच्या तोंडून आल्यावरच. त्याच तासाला शेजारच्या मुलीला पट्टी हवी होती. तिने ताईला विचारलं, "ताई, त्याची पट्टी घेऊ?" तो त्या दोघींच्या मधोमध बसला होता. ताई हो म्हणाली, पट्टी गेली आणि तो जोरजोरात डुलायला लागला.

ताईबद्दल माझी काहीही तक्रार नाही. ती मायेने करते, आणि तिच्यावाचून पहिलं सत्र निभलं नसतं. पण माझ्या सूचना वर्गाला आणि तिच्या सूचना त्याला, अशी वाटणीच होऊन बसलीय. त्याची शिक्षिका मी आहे, हे त्याला आणि इतर मुलांना दिसायला हवं. मायकेल जियानग्रेको आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अमेरिकेतल्या सर्वसाधारण वर्गांचं निरीक्षण करून हेच मांडलं होतं: मदतनीस सतत खेटून बसला की मूल मोठ्या माणसांवर अवलंबून राहतं, सवंगड्यांपासून तुटतं आणि वर्गशिक्षक त्या मुलाची जबाबदारी मदतनिसावर सोडून देतात.

पालकांना धास्ती आहे की ताई मागे सरली आणि तो कोसळला तर? ही धास्ती खोटी म्हणवत नाही. मुख्याध्यापकांचं म्हणणं, मूल शांत आहे ना, मग कशाला हात लावायचा. मला मात्र त्या शांतपणाचा भरवसा वाटत नाही. कितीतरी ऑटिस्टिक मुलं शाळेत दिवसभर सगळं आत दाबून धरतात आणि घरी पोहोचल्यावर फुटतात. याचीही संध्याकाळ जड जाते असं त्याची आई सांगते.

तर, ताईने कुठल्या वेळी आणि कुठल्या कामात आधी मागे सरावं? त्याला खरंच मदत हवी आहे की फक्त सवयीने तो तिच्याकडे बघतोय, हे कसं ओळखायचं? आणि बाकीच्या मुलांनी ताईला न विचारता त्याला विचारावं म्हणून काय करता येईल? त्याच्याबद्दल वर्गासमोर भाषण द्यायची माझी इच्छा नाही. तो समोर बसलेला असताना ते मला बरं वाटत नाही.

प्रतिसाद, एक विशेष शिक्षिका:

तुमचं वजाबाकीचं उदाहरण वाचूनच सुरुवात कुठून करायची ते कळतं. जिथे त्याला विषय पक्का येतो तिथूनच. मैदान, मधली सुट्टी, एका वर्गातून दुसरीकडे जाणं या त्याच्या अवघड जागा असतील, तिथली सोबत आत्ता बिलकुल काढू नका.

आधी मदतनीस ताईला एका तासात आपण काय काय सांगतो ते लिहून काढायला सांगा. हात धरला, बोट दाखवलं, तोंडाने सांगितलं, सगळं. आमच्या अनुभवात तोंडी सूचना काढणं सगळ्यात कठीण जातं, कारण मुलाला ती कामाचाच भाग वाटते. म्हणून "पुढचं" हा शब्द आधी बंद. त्याऐवजी उदाहरणांशेजारी चौकटी छापा, एक झालं की त्याने खूण करायची. सगळ्या चौकटी भरल्या की काम संपलं. किती काम आहे, कधी संपणार आणि नंतर काय, हे मुलाला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. एरिक शॉपलर यांनी नॉर्थ कॅरोलायनात ऑटिस्टिक मुलांसाठी उभ्या केलेल्या टीच (TEACCH) कार्यक्रमाचा भर यावरच आहे. त्याने नजर वर केली की ताईने न बोलता मनात दहापर्यंत मोजावं, मग चौकटीकडे बोट दाखवावं, बस्स. घाईने भरून काढलेली शांतता त्याच्या विचाराची वेळ खाते.

मदत हवी की सवय, याचं उत्तर त्याच्याच हातात द्या. बाकावर "मदत हवी" असं कार्ड ठेवा. ते उचललं की कुणीतरी लगेच यायलाच हवं, पहिल्या आठवड्यांत तर हमखास. कार्ड उचलूनही कुणी आलं नाही तर तो पुन्हा ते उचलणार नाही.

ताईची खुर्ची बाजूला न ठेवता मागे ठेवा, आणि तिला गणिताच्या तासाला अख्ख्या वर्गात फिरू द्या. तेवढ्या वेळात तुम्ही त्याच्या बाकाशी जा. इंग्लंड आणि वेल्समध्ये पीटर ब्लॅचफर्ड यांच्या गटाने केलेल्या मोठ्या अभ्यासात, ज्यांना मदतनिसांची मदत जास्त मिळाली त्या मुलांची अभ्यासातली प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी दिसली होती. त्यांनी दोष मदतनिसांना दिला नाही. शाळा त्यांना कसं वापरते, यावर बोट ठेवलं. आई-वडिलांना हे सांगा: ताई कमी होत नाहीये, तिची जागा बदलतेय.

प्रतिसाद, स्वतः ऑटिस्टिक असलेला एक वाचक:

मी लहानपणी शाळेत असाच होतो, म्हणून लिहितोय. पट्टी गेल्यावर तो डुलायला लागला ते थांबवू नका. मला डुलल्याने शरीर जागेवर आल्यासारखं वाटायचं. वस्तू त्याची होती आणि त्याला कुणी विचारलं नाही, त्रास या गोष्टीचा होता.

मुलांसाठी भाषण नको हे बरोबर. त्या मुलीने ताईला विचारलं की ताईने एवढंच म्हणावं, "त्याला विचार, आणि थोडं थांब." हवी ती वस्तू त्याला दाखवून विचारायचं. उत्तर मान हलवून आलं, वस्तू पुढे सरकवून आलं, तरी ते उत्तरच. डोळ्यांत बघून बोल असा आग्रह कुणी धरू नये. डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले अभ्यासक २०१२ मध्ये म्हणाले की न समजणं दोन्हीकडून असतं. म्हणजे शिकायचं वर्गानेही आहे. आणि एक विनंती: मधल्या सुट्टीत त्याला रोज कुणाशी तरी खेळायला लावू नका. मला त्या वेळात एकटं बसायला मिळालं तरच पुढचे तास जमायचे.

धागा काढणारी:

दोघांचेही आभार. गणिताच्या तासापासून सुरू करते. चौकटींचे कागद आज छापलेत, "मदत हवी" कार्ड त्याच्याकडूनच रंगवून घेणार आहे. मधल्या सुट्टीला हात लावत नाही. "त्याला विचार, आणि थोडं थांब" हे ताईला सांगितलं, तिला लगेच पटलं. तिचीही पाठ दिवसभर त्या छोट्या खुर्चीत दुखते म्हणाली, ते मला माहीतच नव्हतं.

एक राहिलं. मी रजेवर असते आणि तासाला बदली शिक्षक येतात, त्या दिवशी काय करायचं? ताईने पुन्हा शेजारी बसावं, की बदली शिक्षकांसाठी त्याच्याबद्दल एक पान लिहून ठेवावं? कुणी असं पान वापरलं असेल तर त्यात नेमकं काय लिहिलं होतं, ते कृपया सांगा.