पेपरचं अ‍ॅप घेतलं, पण तालुक्याचं पान कुठे गेलं?

तापीकाठ (चोपडा तालुका)

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) वडिलांना मोठ्या स्क्रीनचा मोबाईल घेऊन दिला आणि त्यात त्यांच्या नेहमीच्या पेपरचं अ‍ॅप टाकून दिलं. वर्षाचे पैसे भरले आणि घरी येणारा पेपर बंद केला. दसऱ्याला तो परत सुरू केला. पेपरचं नाव लिहीत नाही, कारण मध्ये आणखी दोन अ‍ॅप वापरून पाहिली आणि अनुभव तोच आला.

आमचे वडील पेपर आतून वाचायला घेतात. आधी तालुक्याचं पान, त्यात निधनवार्ता, मग केळीचे भाव, मग पाऊस-पाणी, आणि दुसरा चहा आला तर पहिलं पान. आईला वाचता येत नाही, पण ती रोज विचारते, "आज कोनी गंधमुक्ती शे का रे?" खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगतो: गंधमुक्ती म्हणजे निधनानंतरचा विधी. माणूस गेल्यावर लगेच जाणं जमलं नाही तरी गंधमुक्तीला जावंच लागतं. नाही गेलं तर त्या घराशी बोलायला तोंड राहत नाही.

श्रावणात वडिलांचे शाळेपासूनचे मित्र वारले, पाच कोसांवरच्या गावात. आम्हाला कोणाचाच फोन आला नाही. प्रत्येकाला वाटलं, पेपरात आलंय, त्यांना कळलंच असेल. छापील पेपरात दोनदा आलं होतं, निधनाचं आणि गंधमुक्तीचं. आमच्या अ‍ॅपमध्ये जिल्हा जळगाव, तालुका चोपडा, दोन्ही निवडलेले होते. मी नंतर त्या दोन दिवसांच्या बातम्या मागे सरकवत जाऊन पाहिल्या. चोपड्याच्या नावाखाली सोन्याचे भाव होते, एका नटीच्या लग्नाचे फोटो होते आणि पुण्यातल्या अपघाताचा व्हिडिओ होता. वडिलांना तिसऱ्या आठवड्यात बाजारात कोणीतरी सांगितलं. घरी येऊन ते काही बोलले नाहीत. मोटारसायकल काढून एकटेच त्या घरी जाऊन आले. उशाशी असायचा तो मोबाईल दुसऱ्या दिवसापासून टीव्हीखालच्या कप्प्यात दिसायला लागला.

दुसरं हतनूर धरणाच्या पाण्याचं. ऑगस्टमध्ये रात्री साडेबाराला मोबाईल वाजला: "हतनूरचे सर्व दरवाजे उघडले, तापीकाठच्या गावांना इशारा." आमची मोटर नदीकाठी आहे. मी आणि भाऊ पावसात गेलो, चिखलात अंधारात मोटर सोडवली, दोघांनी खांद्यावर घेऊन बांधावर आणली. घरी येऊन बातमी उघडली तर ती दोन वर्षांपूर्वीची. तारीख होती, पण पार तळाशी, बारीक अक्षरात. हतनूरला ४१ दरवाजे आहेत. त्यातले किती उघडले, किती क्युसेक सोडलं आणि कधी सोडलं, एवढ्या तीन गोष्टी आम्हाला हव्या असतात. त्या बातमीत एकही नव्हती.

माझं म्हणणं एवढंच आहे: ज्या पानासाठी आम्ही पेपर घेतो ते पान नसेल, तर त्या अ‍ॅपला पेपरचं नाव देऊन आमच्याकडून पैसे घेऊ नयेत. तुमचे अनुभव लिहा.

सुरतवासी धुळेकर

भाऊ, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण तुमचं शेवटचं वाक्य मला मान्य नाही.

मी सुरतेत उधन्याला लूमवर (यंत्रमागावर) कामाला आलो त्याला एकोणीस वर्षं झाली. आधी गावाकडचा पेपर म्हणजे कोणीतरी ताप्ती लाईनच्या गाडीने येताना भाकरी गुंडाळून आणलेला कागद. त्या तेलकट कागदावर धुळ्याची बातमी दिसली की मी तो सरळ करून वाचायचो. आज पहाटे पाळी सुटली की चहाच्या टपरीवर बसून धुळ्याची सगळी पानं वाचतो. पांझरेला पूर आला, बाजार समितीत काय झालं, सगळं कळतं. माझ्यासाठी तेच गाव आहे. तुम्ही घरी बसून पेपर परत सुरू करू शकलात. मी कोणाला सांगू, उधन्याला धुळ्याचा पेपर टाक म्हणून?

आणि एक चूक तुमचीही आहे. अ‍ॅपमधल्या फिरत्या बातम्या वेगळ्या आणि ई-पेपर वेगळा. तुम्ही ई-पेपर उघडून जळगाव आवृत्ती पाहिली असती तर गंधमुक्ती सापडली असती.

तापीकाठ (चोपडा तालुका)

ई-पेपर रोज उघडत होतो, पैसे त्याचेच भरले होते. जळगाव आवृत्तीत शहराची पानं होती, चोपड्याचं नव्हतं. का नव्हतं ते मला आजही कळलेलं नाही.

पहाटेचा गठ्ठा (भुसावळ)

मी सांगतो. माझी पेपरची लाईन आहे, वडिलांपासून.

जिल्ह्याच्या पेपरची एकच आवृत्ती निघत नाही. लांबच्या तालुक्यांना जाणारी ती डाक आवृत्ती. ती रात्री लवकर छापून गाडीत पडते, आणि तालुक्यांची पानं त्यातच असतात. शहराची आवृत्ती उशिरा सुटते, तिच्यात रात्रीच्या ताज्या बातम्या असतात आणि तालुक्याच्या पानांच्या जागी शहराची पानं असतात. मोबाईलवर बऱ्याचदा शहराचीच आवृत्ती चढवतात. म्हणून तुमच्या घरी येणारा पेपर आणि मोबाईलवरचा पेपर, नाव एकच असलं तरी वेगळे. गिऱ्हाईक माझ्याशी भांडतं, "काल मोबाईलवर होतं ते तुझ्या पेपरात का नाही?" उलटंही होतं.

एप्रिल २०२० मध्ये सरकारने घरोघरी पेपर टाकायला बंदी केली होती. काही दिवसांत मुंबई-पुणे आणि कंटेनमेंटचे भाग सोडून ती उठवली, पण तेवढ्यात लोकांना मोबाईलची सवय लागली. माझ्या लाईनवरची किती घरं परत आलीच नाहीत. परत आली त्यातल्या बहुतेक घरांत म्हातारं माणूस आहे. ते लोक मला दारात थांबवून विचारतात, आपल्या गल्लीतलं कोणी गेलं का. पेपर उघडायच्या आधी.

अ‍ॅप वाईट म्हणत नाही. माझा मुलगाही अ‍ॅपच वाचतो. पण तालुक्याची पानं मोबाईलवर चढवायला वेगळं छापावं लागत नाही. पानं तयारच असतात, फक्त चढवायची असतात.

केळीबाग, रावेर

केळीच्या भावाच्या बाबतीत मी अ‍ॅपच्या बाजूने. कापणीची टोळी सकाळी सहाला बांधावर हजर असते आणि पेपर आमच्याकडे साडेसातला येतो. तोवर निम्मे घड खाली झालेले असतात. रावेर आणि बऱ्हाणपूरचा भाव मला आदल्या संध्याकाळी मोबाईलवर मिळतो. जाहीर भावापेक्षा कमीने कोणी मागितलं तर कापणी थांबवता येते. कापल्यावर माल कोणाचा असतो? केळी काय कापूस आहे घरात भरून ठेवायला?

कांदेबागाच्या (पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीच्या) वेळी याच एका गोष्टीमुळे माझा माल योग्य भावाने गेला. त्यामुळे अ‍ॅपला नाव ठेवणं मला पटत नाही.

तापीकाठ (चोपडा तालुका)

रावेरवाले भाऊ, वेळेचं तुमचं बरोबर आहे, माझा त्यावर आक्षेप नाही. पण वडिलांची पद्धत सांगतो. ते भावाची कात्रणं डायरीत चिकटवतात. मृगबागाच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीच्या) वेळी व्यापाऱ्याशी हिशेब बसला नाही, तेव्हा त्यांनी डायरी उघडून समोर ठेवली. तारीख छापलेली, भाव छापलेला. त्याने मान्य केलं. अ‍ॅपवर त्याच बातमीत रोज नवा भाव भरतात, कालचा शोधायला गेलं की सापडत नाही.

केळीबाग, रावेर

स्क्रीनशॉट काढून ठेवा. मी काढतो, फोटोच्या माहितीत तारीख येते.

तापीकाठ (चोपडा तालुका)

मी काढीन. अडुसष्ट वर्षांच्या माणसाने रोज आठवणीने काढायचा आणि वर्षभराने तीन हजार फोटोंतून शोधायचा, हे मला जमेल असं वाटत नाही. मागच्या तारखेचे भाव दाखवायची सोय अ‍ॅपनेच द्यायला हवी.

अक्राणीची शिक्षिका

मी धडगाव तालुक्यात नऊ वर्षं शिकवते आहे. हे सगळं वाचून मला एक सांगावंसं वाटतं. तुमच्या चोपड्याचं पान होतं, म्हणून ते गेल्याचं तुम्हाला जाणवलं. आमचं पान मी छापील पेपरातही पाहिलेलं नाही. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला, पण जिल्ह्याच्या पानावर नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर यांचंच भरून येतं. आमचं काही आलं तर कुपोषण, नाहीतर घाटात जीप उलटली. पेपर शहाद्याहून गाडीने येतो, दुपारी कधी मिळतो, पावसाळ्यात घाट बंद असला तर मिळतच नाही.

शाळेच्या मागे टेकडी आहे, तिथे रेंज येते. सकाळी तिथे उभी राहून मी अ‍ॅपवर बातम्या उतरवून घेते आणि परिपाठाला मुलांना वाचून दाखवते. बातम्या त्यांना वेळेवर ऐकायला मिळतात त्या अ‍ॅपमुळेच. गेल्या वर्षी आमच्या पाड्यावरच्या मुलीने धावण्यात नंबर काढला. मी स्वतः फोटो आणि मजकूर अ‍ॅपवर पाठवला आणि तो लागला. कागदी पेपरात चार वेळा पाठवूनही लागला नव्हता. तिच्या आईने तो माझ्या मोबाईलवर पाहिला, स्क्रीनवर हात फिरवला आणि विचारलं, हे नंदुरबारला पण दिसतंय का?

तक्रार माझीही आहे. बातमी उघडली की व्हिडिओ आपोआप सुरू होतो आणि टेकडीवरची ती दोन दांड्यांची रेंज जाहिरातच खाऊन टाकते. फक्त मजकूर उतरवण्याची सोय हवी. पण अ‍ॅप पेपरच नव्हे असं म्हणू नका. आमच्याकडे दुसरा पेपर नाही.

ऐकणारा वाचक (जळगाव)

मला नजर नाही. बाईंच्या बाजूने लिहितो आणि तापीकाठ यांच्याही. मोबाईलमधला टॉकबॅक अ‍ॅपमधली बातमी मला वाचून दाखवतो. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाची वाट न पाहता पेपर वाचतो आहे. पण ई-पेपर उघडला की टॉकबॅक गप्प होतो, कारण पान म्हणजे नुसतं चित्र असतं, त्यात अक्षरं नसतात. म्हणजे तालुक्याची पानं चढवली तरी ती चित्रं म्हणून चढवली तर माझ्यासाठी नसल्यासारखीच. निधनवार्ता मला अजूनही बायको वाचून दाखवते. मागणी करणार असाल तर हेही लिहा: मजकूर म्हणून द्या.

सुरतवासी धुळेकर

हे पटलं. हतनूरच्या इशाऱ्याबद्दल एक उपाय सांगतो. अँड्रॉइडवर ती सूचना दाबून धरली की कुठल्या प्रकारच्या सूचना हव्यात ते निवडता येतं. मनोरंजन, व्हिडिओ बंद करा, जिल्हा चालू ठेवा. माझ्याकडे सूचना बऱ्याच कमी झाल्या.

तापीकाठ (चोपडा तालुका)

केलं होतं. जुनी बातमी 'जिल्हा' या प्रकारातच आली होती. ती चूक माझ्या मोबाईलची नाही, पाठवणाऱ्याची आहे. पुराच्या इशाऱ्यावर तारीख आणि वेळ सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात पाहिजे.

बाई, तुमचं वाचून माझं एक वाक्य मागे घेतो, अ‍ॅपला पेपरचं नाव देऊ नये म्हणालो ते. अमळनेरच्या वसतिगृहात साने गुरुजी मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. वाचणारी पोरं मूठभर, पण त्यांना काय लागतं ते लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. धडगावच्या पाड्यालाही तसं मिळालं पाहिजे, चोपड्यालाही. ते कागदावर मिळो की मोबाईलवर.

आज रात्री पेपरच्या कार्यालयाला पत्र लिहितो. त्यात चार गोष्टी टाकतो: डाक आवृत्तीतली तालुक्याची पानं, तीही मजकूर म्हणून, मागच्या तारखेचे भाव, इशाऱ्यावर ठळक तारीख, आणि व्हिडिओशिवाय बातमी. ज्यांना आपलं गाव त्यात घालायचं असेल त्यांनी उद्या संध्याकाळपर्यंत इथे लिहा.

पहाटेचा गठ्ठा (भुसावळ)

भुसावळ घाला. माझ्या लाईनवरच्यांनाही विचारतो. सकाळी सगळे दारातच भेटतात.