मदत हवी आहे: कमांड लाइनवरून जावाडॉक काढताना मराठी टिपा बिघडतात (जावाचा संच जेडीके ११, विंडोज)

मंडळी, दोन दिवस एकाच जागी अडकले आहे.

आमच्या पतसंस्थेच्या पावत्यांसाठी आकडा अक्षरांत लिहून देणारी छोटी जावा लायब्ररी लिहिली आहे. मेथडवरच्या टिपा मराठीत आहेत आणि तशाच राहायला हव्यात, कारण पुढे हे काम सांभाळणाऱ्या दोघी त्याच वाचणार आहेत. सव्वा, दीड, अडीच, पाऊण कुठे कसं लिहायचं ते सगळं त्या टिपांत आहे.

फाइली यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्या सामावणाऱ्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीत) सेव्ह केल्या आहेत, एडिटरमध्ये स्वच्छ दिसतात. जावाडॉकला (कोडमधल्या टिपांवरून वाचायची पानं बनवणाऱ्या साधनाला) मी सोर्सपाथ (कोड कुठे आहे ते), सबपॅकेजेस (कोडचे कोणते भाग घ्यायचे ते) आणि आउटपुटचं फोल्डर एवढंच देते. लगेच 'अनमॅपेबल कॅरेक्टर' (न ओळखता येणारं अक्षर) अशा एररची रांग लागते. कंसात बाइटचा कोड, बहुतेक वेळा ८डी, मधूनच ८१, एकदा ८एफ, शेवटी 'विंडोज-१२५२'.

गंमत अशी, की 'पावती', 'बाकी', 'दर' या शब्दांना हरकत नाही. 'रक्कम', 'रुपये', 'एकूण' आले की अडतं. असे शब्द नसलेली एक फाइल एकटी चालवली तर पान बनलं, पण मराठीच्या जागी मात्रा लावलेली रोमन अक्षरं आणि चलनाच्या खुणा. मंगल, नोटो दोन्ही फॉन्ट लावून पाहिले, फरक नाही. सहकाऱ्याच्या विंडोजवर जेडीके २१ आहे, तिथे हीच कमांड बिनबोभाट चालते! मला मात्र ११ वरच राहावं लागणार आहे. काय करू?

प्रतिसाद १

फॉन्टचा काही संबंध नाही, फाइल वाचतानाच घोटाळा होतोय. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. जेडीके ११ एन्कोडिंग सांगितलं नाही तर विंडोजचं धरतं, म्हणजे तुमच्याकडे १२५२, रोमन अक्षरांचा एका बाइटचा जुना तक्ता. त्या तक्त्यात पाच घरं रिकामी आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९०, ९डी. हलंताचा शेवटचा बाइट ८डी, ऱ्हस्व उकाराचा ८१, 'ए'चा ८एफ. म्हणून प्रत्येक जोडाक्षरावर अडतं आणि 'पावती' सुटते. सुटते म्हणजे तीही चुकीचीच वाचली जाते, फक्त एरर येत नाही.

जेडीके १८ पासून (२०२२) मूळचंच एन्कोडिंग यूटीएफ-८ झालं, म्हणून २१ वर चालतं. तुम्ही कमांडमध्ये 'एन्कोडिंग' हा पर्याय यूटीएफ-८ असा द्या. 'डॉकएन्कोडिंग' आणि 'कॅरसेट' हे बनणाऱ्या पानांसाठीचे पर्यायही तसेच द्या, म्हणजे जुन्या जेडीकेवरही शंका राहणार नाही. सगळे पर्याय एका टेक्स्ट फाइलीत लिहून तिच्या नावाआधी ॲटचं चिन्ह लावलं की जावाडॉक ते तिथून उचलतं. ती फाइल कोडसोबतच ठेवा, त्या दोघींना पाठ करावं लागणार नाही.

धागाकर्ती

झालं! 'रक्कम' आणि 'रुपये' पानावर पाहून खरंच बरं वाटलं. मनापासून आभार. आता एकच एरर उरली आहे, 'मालफॉर्म्ड एचटीएमएल'. टिपेत 'बाकी < १००' असं लिहिलंय, तिथे. डॉकलिंट (टिपा तपासणारा भाग) बंद करू का?

प्रतिसाद २

बंद नका करू. पॅरामीटरचं नाव चुकलं तर तोच सांगतो. जावाडॉकची टीप एचटीएमएल म्हणून वाचली जाते, त्यामुळे ती खूण त्याला टॅगची सुरुवात वाटते. तेवढा भाग महिरपी कंसातल्या 'कोड' टॅगमध्ये घाला.