पाठ केलेलं उत्तर प्रत्यक्षात कधी भेटलंय?

परवा लेकीची सामान्यज्ञानाची परीक्षा होती. मी पुस्तक धरून प्रश्न विचारत होते, ती मटार सोलत उत्तरं फेकत होती. हेलियमचा शोध? लॉकियर. मराठीतला आद्य शिलालेख? आक्षी. पहिली भारतीय महिला डॉक्टर? आनंदीबाई जोशी. एकही चुकलं नाही. मग मी सहज विचारलं, "अगं, पण लॉकियरनं केलं काय नेमकं?" ती म्हणाली, "ते विचारत नाहीत, आई."

खरं सांगायचं तर मलाही माहीत नव्हतं. मीही तेच उत्तर पस्तीस वर्षांपूर्वी असंच फेकलं होतं.

म्हणून हा धागा. शाळेत, स्पर्धा परीक्षेसाठी किंवा प्रश्नमंजुषेसाठी घोकलेलं एखादं उत्तर पुढे आयुष्यात तुमच्यासमोर येऊन उभं राहिलं का? एखाद्या गावात, घरात, नाहीतर चक्क खोटं ठरून? इतिहास, विज्ञान, संगीत, धर्म, काहीही चालेल. फक्त कोरडी प्रश्नोत्तरं नकोत, तुमचं काय झालं ते सांगा.

साहेबाचा ओटा

हेलियमचं निघालंच आहे तर पहिला मान माझा, कारण मी देवगड तालुक्यातला. आमच्या विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' आहेत. लहानपणी गुरुजी तिथं उभं करून सांगायचे की १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं, लॉकियर साहेबानं या ओट्यावर दुर्बीण मांडली आणि हेलियम सापडला. पुढे मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी हे ऐकवलं. छाती फुगवून. एकदा पाहुण्यांत भौतिकशास्त्राचे एक प्राध्यापक होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "पण ६८ साली लॉकियर इंग्लंडमध्ये होता ना?"

रात्रभर झोप नाही. मग वाचायला घेतलं.

झालं होतं ते असं. त्या ग्रहणाचा खग्रास पट्टा भारतावरून गेला हे खरं, पण गुंटूरला दुर्बीण लावून बसला होता तो जान्सन नावाचा फ्रेंच माणूस. सूर्याच्या कडेनं उसळणाऱ्या ज्वाळांचा प्रकाश त्यानं वर्णपटात फोडून पाहिला. त्यातल्या रेषा इतक्या ठळक होत्या की दुसऱ्या दिवशी, ग्रहण संपलेलं असताना, त्यानं त्या पुन्हा पाहून दाखवल्या. त्याच ऑक्टोबरात लॉकियरनं इंग्लंडमध्ये बसून, ग्रहणाशिवायच, तेच जमवलं. त्या वर्णपटात एक पिवळी रेषा होती, सोडियमच्या दोन रेषांच्या शेजारी, पण त्यांच्याशी न जुळणारी. पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थाची ती नव्हती. लॉकियर म्हणाला, हे नवं मूलद्रव्य. ग्रीक सूर्यदेव हेलिऑस, त्यावरून हेलियम. पुष्कळ रसायनवाल्यांना ते पटलं नाही. १८९५ मध्ये लंडनला रॅम्झे नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं युरेनियमच्या खनिजातून तोच वायू काढून दाखवला, तेव्हा कुठे वाद मिटला. म्हणजे २७ वर्षं!

आणि विजयदुर्ग? लॉकियर तिथं आला होता, नक्की आला होता. २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. ओटे खरे, साहेब खरा, साल तेवढं तीस वर्षांनी चुकलं.

हे गावात बोललो तर एक काका भडकले. "तू काय गुंटूरचो वकील आसस काय?" आता मी पाहुण्यांना दोन्ही गोष्टी सांगतो, आणि गंमत म्हणजे खरी गोष्ट त्यांना जास्त आवडते. १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिन होतो, त्यालाही जातो. मुलांना दुर्बिणीतून सूर्य बघायला मिळत असेल तर तारखेवरून कोण भांडणार.

धागाकर्ती

लेकीला वाचून दाखवलं. तिचा प्रश्न: "मग पेपरात काय लिहू?"

साहेबाचा ओटा

दोघांचीही नावं लिही म्हणावं. फ्रान्सनं एकाच पदकावर दोघांचे चेहरे छापले होते.

अभ्यासिका क्र. ३

आद्य शिलालेख म्हणालात आणि जुनी जखम उघडली. मी पुण्यात पाच वर्षं स्पर्धा परीक्षांची तयारी केली. पहिल्या वर्षीच्या पुस्तकात उत्तर होतं श्रवणबेळगोळ, गोमटेश्वराच्या पायाशी, इ.स. ९८३. दुसऱ्या वर्षी दुसरं पुस्तक घेतलं, त्यात आक्षी, शके ९३४ म्हणजे १०१२. मग एका मित्रानं सोलापूरकडच्या कुडलचं नाव काढलं, शके ९४०, म्हणजे १०१८. श्रवणबेळगोळच्या पुतळ्याचा काळ एक आणि त्या मराठी ओळी कोरल्याचा काळ दुसरा, अशी अभ्यासकांची शंका आहे, म्हणून तो मागे पडला. आक्षीच्या दगडावर शक कोरलेला आहे, पण झिजलेल्या दगडावरचे आकडे वाचायचे म्हणजे पुन्हा मतं आलीच. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की सराव परीक्षेत माझा एक गुण गेला आणि तेवढ्यानंच मी यादीबाहेर राहिलो.

रागाच्या भरात एका रविवारी मित्राच्या गाडीवरून थेट आक्षी गाठलं. अलिबागहून नागावकडे जाताना लागतं. दगड पाहिला. माणसाच्या उंचीहून कमी, वर चंद्र-सूर्य, खाली ओळी. पाच वर्षं मी त्या दगडाचा शक, इसवी सन, तालुका, जिल्हा पाठ करत होतो. समोर उभा राहिलो आणि त्यातलं एक अक्षर मला वाचता येईना. शेजारून एक आजी मासळीची पाटी घेऊन चालल्या होत्या. म्हणाल्या, "त्या दगडाला पुण्यावरनं लय येतात."

परीक्षा नाही निघाली. सध्या शनिवार-रविवार मोडी शिकतो. (हो, तो लेख मोडीत नाही, देवनागरीत आहे. माहीत आहे. कुठून तरी सुरुवात करायची म्हणून.)

अळूचं फदफदं

@अभ्यासिका, आक्षीपर्यंत गेलात तर अलिबागच्या पलीकडे नवगावलाही जायचं होतं. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांचे पूर्वज जहाज फुटून तिथं किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते, आणि तिथं त्यांचं स्मारक आहे.

माझा अनुभव लाजिरवाणाच आहे. शाळेत प्रश्न होता, भारतात ज्यू लोक कुठे राहतात? मी 'कोची' लिहिलं, बरोबर आलं, पूर्ण गुण. आणि आमच्या आळीतल्या ज्या मावशी आम्हाला गोड पोहे, नारळ आणि फळं घातलेला मलिदा द्यायच्या, अस्सल अलिबागी मराठीत ओरडायच्या, शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावायच्या, त्या ज्यू होत्या हे मला कॉलेजात कळलं. तोवर त्या इस्रायलला निघून गेल्या होत्या. कोकणात त्यांना 'शनवार तेली' म्हणत. तेलाचा घाणा चालवायचा आणि शनिवारी बंद ठेवायचा, म्हणून.

खालचा सा

आमच्या घरी पेटी. बाबा भजनी मंडळात वाजवायचे, सांगलीकडे. मी सातवीत असताना सामान्यज्ञानाच्या पुस्तकात वाचलं की हार्मोनियम फ्रान्सची, पॅरिसच्या देबाँ नावाच्या माणसानं १८४० च्या सुमारास केलेली. मी पळत जाऊन बाबांना सांगितलं, "तुमची पेटी फ्रेंच आहे!" बाबा काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी जेवताना एकदम म्हणाले, "पंढरपूरला चालत येते ना? मग वारकरीच ती."

पुढचा प्रश्न मोठा होता. ऑल इंडिया रेडिओनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. हे उत्तर मला पाठ होतं, कारण मात्र 'परदेशी वाद्य' एवढंच वाटायचं. बाबा म्हणायचे, आमच्या गुरुजींना रेडिओवर गायचं तर सारंगीवाला शोधत फिरावं लागे. इंजिनियरिंगला गेल्यावर खरा मुद्दा कळला. पेटीचे सूर पट्टीत ठोकून बसवलेले, सप्तकाचे बारा सारखे भाग. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यात निघत नाही. शिवाय शुद्ध गंधार षड्जाच्या सव्वापट कंपनांचा, म्हणजे १.२५. समान भागांच्या पेटीत तो १.२६ होतो. एवढासा फरक. पण तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून तो सव्वापटीचा गंधार आपोआप उमटतो, तारेच्या पाचव्या स्वरांशातून, म्हणजे मूळ सुराबरोबर उमटणाऱ्या पाचपट कंपनांच्या बारीक सुरातून. मग शेजारी पेटीचा गंधार दाबला की दोघांची टक्कर ऐकू येते, आवाज हेलकावतो.

सुट्टीत घरी आले, मोबाइलवर मोजणी लावली, बाबांना आकडे दाखवले. त्यांनी चष्मा लावून पाहिले आणि म्हणाले, "गंधार दाबताना मी बोट हलकं ठेवतो, ते का, हे आता तुला कळलं होय." मी चाळीस मिनिटं मोजत होते ते त्यांच्या बोटाला ठाऊक होतं.

बाबा गेले. पेटी माझ्याकडे आहे, भाता गळतो.

पंचांग फाडे

सगळे इतकं हळवं लिहितायत, मी जरा भांडण लावतो. पानिपत संक्रांतीच्या दिवशी झालं, म्हणून 'संक्रांत कोसळली', हे आमच्याकडे वर्गात सांगितलं होतं. १४ जानेवारी १७६१, म्हणजे संक्रांतच की! आजोबा पंचांगवाले. मी घरी येऊन सांगितलं तर त्यांनी मला उलटा प्रश्न टाकला: स्वामी विवेकानंदांचा जन्म कधीचा? १२ जानेवारी १८६३. आणि त्या दिवशी काय होतं? मला माहीत नव्हतं. मकर संक्रांत होती.

म्हणजे १८६३ साली संक्रांत १२ तारखेला. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, एका फेरीला साधारण २६,००० वर्षं. त्यामुळे आपली नक्षत्रांवर चालणारी संक्रांत इंग्रजी तारखेत सुमारे ७१-७२ वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. आता मागे मोजा. १७६१ मध्ये ती १० जानेवारीच्या आसपास येते. पानिपतावर भाऊसाहेब लढायला निघाले त्याच्या तीन-चार दिवस आधी तिळगूळ होऊन गेलेला. खायला होता का हा प्रश्न वेगळा, छावणीत उपासमार चालली होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात हे सांगितलं. सर म्हणाले, "बस खाली."

साष्टीकर

मी एका क्षणात हरलेला माणूस. आंतरशालेय प्रश्नमंजुषा, मडगाव. प्रश्न: दगडगोट्यांत जसं रत्न, रत्नांत जसा निळा हिरा, तशी भाषांमध्ये मराठी, असं कोणी म्हटलंय? मी पूर्ण ऐकायच्या आत बटण दाबलं. "ज्ञानेश्वर!" चूक. उत्तर होतं फादर स्टीफन्स, 'क्रिस्तपुराण'. इंग्लंडात जन्मलेला जेजुइट पंथाचा धर्मगुरू, १५७९ साली गोव्यात आला आणि ओवीत येशूची कथा लिहून बसला, दहा हजारांहून जास्त ओव्या. १६१६ मध्ये राशोलला छापली, रोमी लिपीत.

राशोल माझ्या घरापासून सायकलवर वीस मिनिटं. आजीला सांगितलं तर तिनं डोक्यावर हात मारला. तिच्या आजीला त्यातलं थोडं पाठ होतं म्हणे. घरचाच प्रश्न होता हो.

हडसनकाठी

न्यू जर्सीत राहते. आनंदीबाईंचं उत्तर मलाही पाठ होतं, 'पहिली भारतीय महिला डॉक्टर, १८८६, फिलाडेल्फिया'. इथं येऊन अकरा वर्षं झाल्यावर कळलं की ज्या कार्पेंटरबाईंनी त्यांना बोलावलं, त्या आमच्या शेजारच्या रोझेल गावच्या. दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघताना त्यांनी एका मासिकात आनंदीबाईंच्या यजमानांचं, गोपाळरावांचं, पत्र वाचलं आणि तिथून सगळं सुरू झालं. मी त्या गावातून रोज गाडी हाकते.

आनंदीबाई पुण्यात गेल्या, २६ फेब्रुवारी १८८७ ला, बावीस वर्षंही पुरी नव्हती. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या आणि त्यांनी त्या आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या, पकिप्सीला. (आम्ही वर्षभर 'पौघकीप्सी' म्हणत होतो.) आई आली होती तेव्हा तिला घेऊन गेले. हडसनच्या काठाकाठानं गाडी जाते. कार्पेंटर मंडळींच्या थडग्यांमध्ये एक दगड, त्यावर नाव, एम.डी., १८६५–१८८७. आईनं पिशवीतून हळदकुंकवाची डबी काढली. मी म्हटलं, "आई, इथं चालेल का असं?" ती म्हणाली, "कल्याणची आहे ती. आपल्याकडचीच."

कुंकू लावलं. पाऊस भुरभुरत होता, ओघळलं लगेच. परतताना आईनं विचारलं की त्यांनी दवाखाना कधी काढला होता. नाही काढता आला. कोल्हापूरला नेमणूक झाली होती, तिथं रुजू व्हायच्या आधीच क्षयानं गेल्या. 'पहिली डॉक्टर' हे उत्तर लिहिताना हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

धागाकर्ती

सगळं वाचलं, काही दोनदा. @खालचा सा, भाता शिवून देणारे एक गृहस्थ आमच्या ओळखीत आहेत, सांगा तर विचारते.

आणि हो, लेकीचा पेपर झाला. हेलियम आलंच नाही. सूर्याच्या सर्वांत जवळचा ग्रह कोणता, ते आलं.