नजरेची तपासणी
‘चाचण्या आल्यावर डॉक्टरांनी रुग्णाकडे नुसतं बघण्याला काय किंमत उरली’ असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. रुग्ण दारातून आत येतो तेव्हाच तपासणी सुरू झालेली असते. पोटदुखीचंच घ्या. मूतखड्याची कळ आलेला माणूस तळमळतो, कुशी बदलतो, त्याला कुठेच चैन पडत नाही. पोटाच्या आतल्या आवरणाला सूज आली असेल तर तोच माणूस निपचित पडून राहतो, कारण खोकलं तरी कळ येते. पोटाला हात लावण्याआधीच एवढं कळलेलं असतं! दम्याचा रुग्ण पुढे वाकून, हात गुडघ्यावर टेकून बसतो. एक वाक्य सलग बोलता येत नसेल तर ती धोक्याची खूण. चालताना एकच हात हलत नसेल, पापण्या कमी लवत असतील तर कंपवाताची शंका घ्यावी.

पण नजर फसतेही. पिवळ्या दिव्याखाली कावीळ सहज निसटते, म्हणून डोळ्यांचा पांढरा भाग दिवसाउजेडी बघावा. ओठ निळे दिसायला प्राणवायू नसलेलं हिमोग्लोबिन रक्ताच्या दर डेसिलिटरमागे (१०० मिलिलिटर) साधारण ५ ग्रॅम तरी लागतं. मुळात रक्तच, म्हणजे हिमोग्लोबिनच, कमी असलेल्या रुग्णात प्राणवायू धोकादायक पातळीला उतरला तरी ओठ निळे पडतीलच असं नाही. तिथे बोटाला प्राणवायू मोजणारा ऑक्सिमीटर लावावाच. आणि सावळ्या कातडीवर फिकेपणा शोधायचा तर पापणीच्या आत, जिभेवर आणि तळहातावर बघा.